काकींचा भांडणाचा फोन

सुमनकाकींचा गुगल पे तांदळाच्या डब्यात असतो. पाहुणा पैसे द्यायला उभा राहिला की काकी आधी हात धुतात, मग कोपरापर्यंत हात तांदळात खुपसून फोन वर काढतात, पदराने पुसतात आणि म्हणतात, "हां, आता टाका." पैसे आले की फोन परत तांदळात. कारण काय, तर लक्ष्मी धान्यात असावी.

दिवेआगरात माझ्या वाडीला लागून काकींची वाडी. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, जेवणही घालतात. बाई कामाला वाघ. पण एका बाईला इतके फोन कशाला लागतात, हा प्रश्न मी आजवर ज्याला विचारला तो हसला. हसू नका. ते सगळे बिघडले की दुरुस्तीला माझ्याकडे येतात.

बुकिंगचा फोन वेगळा, तो खिडकीत. देवाचा टॅब देवघरात, त्याला हळदकुंकू, अंघोळीशिवाय हात लावायचा नाही. मालिका बघायला लॅपटॉप, त्यावर क्रोशाचा रुमाल. पाहुण्याने "लोकेशन पाठवा" म्हटलं की काकी माझ्या कुंपणाशी उभ्या, कारण नकाशा लॅपटॉपवर आणि पाहुणा खिडकीत! एकदा पुण्याच्या कुणाच्या पोराने देवाच्या टॅबवर गाड्यांचा गेम खेळला. काकींनी टॅब तुळशीच्या पाण्याने शुद्ध केला. तेव्हापासून त्यावरची आरती तिसऱ्या कडव्यापासूनच सुरू होते. त्याचा दोषही माझ्याच माथी.

"काकी, हे सगळं एका फोनवर होतं हो," मी कितीदा ओरडून सांगितलं.

"दुधाच्या टोपात जवळा शिजवशील काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मासळीचं भांडं वेगळं, दुधाचं वेगळं.

कपाळावर हात मारून घरी यायचं.

पण माझा खरा राग होता भांडणाच्या फोनवर. हा बटणांचा, काळा, ओटीवरच्या खिळ्याला टांगलेला. त्याला घरात प्रवेश नाही, कारण तिन्हीसांजेला घरात आवाज चढवला तर लक्ष्मी जाते. म्हणून काकी तुळशीपाशी दिवा लावून पायरीवर बसत आणि बोर्लीला राहणाऱ्या धाकट्या भावाशी, दामूमामांशी, भांडत. रोज. एक दिवस फोन काकींचा, एक दिवस मामांचा, अशी पाळी होती. विषयही एकच. माहेरच्या वाटणीत बांधावर एक माड आला होता, त्याचे नारळ कुणाचे?

"तुझ्या बापाचा हाय काय रे तो माड?" काकी कडाडायच्या. दोघांचा बाप एकच, हे त्या रागात कोण लक्षात ठेवतो! मी माझ्या पडवीत चहा घेऊन बसलेलो असायचो. त्या माडापायी माझा एक चहा धड गेला नाही.

मग गेल्या शिमग्याला काकींचा नितीन पनवेलहून आला. त्याने आईला मोठा नवाकोरा फोन आणला, देव, बँक, बुकिंग, मालिका सगळं त्यात कोंबलं आणि बाकीचं सामान पिशवीत भरून घेऊन गेला. खिळ्यावरचा फोनसुद्धा. मी त्याची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी शांतता होती. दुसऱ्या संध्याकाळीही. काकी दिवा लावून पायरीवर बसल्या होत्या, रिकाम्या खिळ्याकडे बघत.

"नव्या फोनवरून लावा की मामांना," मी म्हणालो.

"त्यात देव हाय," काकी म्हणाल्या. "आणि पाळी त्याची हाय."

काकींचा तोच एक नंबर मामांना ठाऊक होता. शेवटी एका संध्याकाळी दारात रिक्षा थांबली आणि दामूमामा काठी आपटत उतरले.

"मेलीस काय गं?"

"मेले असते तर तू जेवायला आला असतास! पाळी कुणाची होती?"

"बंद ठेवतेस आणि मलाच इचारतेस? नारळ द्यायचे न्हाईत म्हणून फोन बंद करतेस व्हय?"

झालं. इतके दिवस फोनवर अर्धंच ऐकू यायचं, आता दोन्ही बाजू ऐकू येऊ लागल्या. माझं डोकं सणकलं. मी कुंपण ओलांडून गेलो आणि ओरडलो, "अहो, अर्धे अर्धे नारळ घ्या आणि मिटवा एकदाचं!"

काकी एकदम उठल्या. "मी भात टाकते," म्हणून आत गेल्या.

"कुठले नारळ?" मामा हळूच म्हणाले. "माड वादळात पडला. त्याची लाकडं पण चुलीत गेली कवाच."

मी विचारलं, "मग रोज भांडता कशावर?"

मामांनी आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे कान दिला. "भावोजी गेल्यावर मी रोज फोन करायचो. 'जेवलीस काय' इचारलं की ही रडायची. रोज. एकदा माडाचं काढलं, तर रडायचं थांबवून मला शिव्या घातल्या. मग तेच धरलं."

मी घरी आलो आणि नितीनला फोन लावला. तो काळा फोन उद्याच्या उद्या एसटीने पाठव, म्हणालो.

"दादा, आता सगळं एकाच फोनवर आहे ना?"

"दुधाच्या टोपात जवळा शिजवतोस काय, गाढवा!" मी असा ओरडलो की माझी बायको बाहेर आली.

पिशवीच परत आली, सगळ्या सामानासकट. काळा फोन खिळ्याला मीच टांगला. त्या संध्याकाळी काकी दिवा लावून पायरीवर बसल्या आणि तो वाजला.

"एक पण नारळ मिळायचा न्हाय तुला!" काकींचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

मी खुर्ची कुंपणाजवळ ओढली आणि चहा प्यायलो.