शुक्रवार पेठेत डोळे आले आणि टॉवेलांचा गठ्ठा फुटला, त्याची हकिकत

श्री सिद्धरामेश्वर साह्य. शुक्रवार पेठेवर लाल डोळ्यांचा गनीम चालून आला आणि त्याचे पारिपत्य कैसे जाहले, हे ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे.

राजश्री गुरुबसप्पा, टॉवेलांचे व्यापारी, पेठेतील मातबर असामी. कन्या शिवलीला बाळंतपणास माहेरी आली आणि माडीवर तान्ह्या नातीची गादी स्थापन जाहली. इतक्यात गृहस्वामिनी सावित्रम्मांचे डोळे लाल जाहले, मग पुत्र अनिलकुमारांचे, मग खाशा गुरुबसप्पांचे. पापण्या चिकटल्या आणि पाणी वाहिले आणि डोळ्यांत वाळू खुपू लागली.

तेव्हा शिवलीलेने जिन्यावरून हुकूम फर्माविला, की लाल डोळ्यांच्या माणसाने माडी चढू नये, बारशासही नातीला हात लावू नये. खाशांच्या काळजास घरे पडली.

लाल डोळ्यांत पाहिले की डोळे येतात, हा खाशांचा पक्का समज. सबब घरभर काळे चष्मे वाटले आणि नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून चहा प्याले. शेजारी चनबसप्पांनी गेल्या सालच्या थेंबांची उरलेली बाटली कुमक म्हणून धाडली. गनीम हटेना.

अखेर स्वारी सहकुटुंब डॉक्टर पूनमबाईंकडे गेली. त्यांनी डोळे तपासून निवाडा दिला, की हा विषाणूचा उपद्रव, बहुधा आपसूक उतरेल. तो नजरेने लागत नाही, हाताने आणि फडक्याने लागतो. उरलेली बाटली फेकावी, स्वच्छ ओल्या कापसाने डोळे पुसावे, साबणाने हात धुवावे. डोळा फार दुखला, उजेड सोसेना वा अंधुक दिसले, तर तडक यावे. आणि मग पुसिले, की घरात टॉवेल किती?

खाशांनी सावित्रम्मांकडे बोट दाखविले.

"एकच हाय की," सावित्रम्मा म्हणाल्या. "दुकानातला माल घरात वापरायचा न्हाय, सासऱ्यांपासूनची रीत हाय."

खाशांनी त्याच पावली दुकान गाठले आणि गठ्ठ्याच्या सुतळीवर हात ठेवून थबकले, कारण वडिलांची तसबीर वरून पाहत होती. मग नातीचे स्मरण केले आणि सुतळी कापली. माणशी निराळ्या रंगाचा टॉवेल नेमिला, जुना उकळत्या पाण्यात घातला, आणि डॉक्टरबाईंचा परवाना येईतो बारसे पुढे ढकलिले.

यथाकाळी डोळे निवळले आणि बारशास नात आजोबांच्या मांडीवर आली. तिने टक लावून पाहिले, तो खाशांनी जुन्या भयाने मान फिरविली.

"बघा की अप्पा," शिवलीला म्हणाली. "बघितल्यानं काय होत न्हाय."

खाशांनी पाहिले. मग डोळ्यांस टॉवेल लावावा लागला, तो त्यांनी आपलाच शोधून लाविला. येणेप्रमाणे फत्ते जाहली.