विमानाचं नाक आणि माझा माहेरचा डबा

आबा मोहित्यांकडे गेलेलं स्टीलचं भांडं जसंच्या तसं परत येत नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये ही रीत ते पाळतात, त्यामुळे आत मूठभर शेव असते किंवा दोन पेरू. पण बाहेरून झाकणापासून बुडापर्यंत त्यावर वर्तुळं उमटलेली असतात. रुपयाएवढी, एकावर एक चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी.

आबा इथल्या, देवासच्याच एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. उमेदीच्या वयात कुणा साहेबानं त्यांना एक फोटो दिला. शंभर वर्षांपूर्वीचं लढाऊ विमान होतं ते. अंग लाकडाचं आणि कापडाचं, फक्त नाक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, आणि नाकभर ही वर्तुळं. विमान कोणत्या लढाईत होतं, पाडलं की आपणच पडलं, याच्याशी आबांना देणंघेणं नव्हतं. ही वर्तुळं केली कशी असतील, एवढ्या एका प्रश्नानं त्यांना झपाटलं. पेन्सिलीचं रबर, चामडं गुंडाळलेली काठी, सगळं ड्रिलला लावून झालं. शेवटी बाटलीच्या बुचाला पॉलिशची पेस्ट फासली तेव्हा जमलं.

"ऐसा है भिया," ते सांगतात. भिया म्हणजे भाऊ. मी बाईमाणूस, पण त्यांना सगळं जग भियाच. "अर्ध्यावर अर्धं. दुसऱ्या गोलानं पहिला अर्धा झाकायचा. एक चुकला की पूरी लाइन गई."

नोकरीत असेपर्यंत हा नाद भंगारातल्या पत्र्यांवर भागत होता. गेल्या दोन वर्षांत तो भांड्यांवर आला. धारला पुतणीच्या लग्नात त्यांनी रुखवतातली परात गुपचूप उचलली आणि नक्षी करून परत मांडली. वरमाईंनी चष्मा पुसून पाहिली आणि बाकीची भांडी साधी का, असं विचारलं. मग आबा मांडवामागे बसून दिवसभर ड्रिल चालवत होते. जेवायलाही उठले नाहीत.

गल्लीनं हे सगळं हसण्यावारी नेलं. आम्हाला खटकत होतं ते वेगळंच. पूर्वी भांड्यांची ही देवाणघेवाण त्यांच्या पत्नीची, काकीसाहेबांची असे. कुणाकडे पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, की डोक्यावर पदर घेऊन त्या वाटी घेऊन हजर. हाताला कंप सुटल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर येईनाशा झाल्या. भांडी पोचवायचं काम आबांकडे आलं. काकीसाहेब कशा आहेत विचारलं, की ते विमानाच्या गोष्टीकडे वळत.

अशात माझा माहेरचा डबा खाऊ घेऊन त्यांच्याकडे गेला. आईनं लग्नात दिलेला, आरशासारखा लखलखीत. मी बजावलं होतं, यावर काही करायचं नाही. चार दिवस झाले तरी परत येईना, तेव्हा मी तणतणत त्यांच्या घरी गेले.

डबा ओट्यावरच होता, अंगभर वर्तुळं घेऊन. मी तोंड उघडणार, इतक्यात माझ्यासाठी पाणी आणणाऱ्या काकीसाहेबांच्या हातातून तांब्या निसटला आणि खणखणत माझ्या पायाशी आला. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्यांचा उतरलेला चेहरा मला पाहवेना.

आबांनी तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला. "काही झालं नाही. बघा बरं, कुठं लागलंय?"

काकीसाहेबांनी तो फिरवून फिरवून पाहिला. त्याच्यावरही दाट वर्तुळं होती, त्यांत ओरखडाही दिसेना. मग त्या जरा हसल्या आणि दुसऱ्यांदा पाणी आणायला स्वतःच आत गेल्या.

"उस जमाने में विमानाचं नाक हातानं ठोकायचे, भिया," आबा हळूच म्हणाले. "ठोक्यांचे डाग राहायचे. म्हणून वर गोल. मला वाटायचं शोभेला असतील. भांडी पडायला लागली तेव्हा समजलं."

मी विचारलं, मग आमची भांडी कशाला?

त्यांनी माझा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "एकट्या आमच्याच घरची अशी असती, तर ती कशासाठी, हे त्यांच्या लक्षात आलं असतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी मी घरातली उरलेली साधी भांडी पिशवीत भरून त्यांच्याकडे दिली. आबांनी लगेच ड्रिलला बूच लावलं.

परवा सकाळी दार वाजलं. डोक्यावर पदर घेतलेल्या काकीसाहेब, हातात मी पुन्हा खाऊ घालून पाठवलेला माझाच डबा, आत बेसनाचे लाडू. माझ्या हातात देता देता तो सुटला आणि पायरीवर आपटला. लाडू अंगणभर घरंगळले. मी डबा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"बघा बरं काकीसाहेब, कुठं लागलंय?"

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ शोधलं. मग डबा माझ्या हातात देऊन त्या माझ्याबरोबर लाडू वेचायला पायरीवर बसल्या.