वानखेडे सरांची रांग

वानखेडे सरांना रांग दिसली की ते तिच्यात उभे राहतात. कशाची आहे, हे विचारत नाहीत. नंबर आला की खिडकीतल्या माणसाला नमस्कार करतात आणि पुन्हा मागे जाऊन लागतात. पांढरकवड्यात नव्याने आलेल्याला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं. तसं काही नाही. सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेत आणि त्यांच्या मते हे संशोधन आहे.

माझं झेरॉक्सचं दुकान बँकेसमोर आणि घर सरांच्या भिंतीला भिंत लागून. त्यामुळे हे संशोधन मला दोन्हीकडून ऐकावं लागतं.

"रांगेत समाज दिसते, प्रमोद," ते सांगतात. "देव, दुकान आन् दफ्तर. मानूस तिघायच्याही दारात रांगेतच उभा हाय. पहिले राजा सांगे, बुवा सांगे, तं लोक आयकत. निदान त्याचं तोंड तरी दिसे. आता खिडकी सांगते. आतला साहेब बदलला तरी खिडकी तेच म्हणते, उद्या या."

"आणि दुकान?"

"दुकानदार सकायी ज्या अगरबत्तीनं देव ओवायते, त्याच अगरबत्तीनं गल्ला ओवायते. पुस्तकं कायले वाचाचे? इथं उभं राहून पाह्य."

मी एकदा म्हटलं, "सर, मोठ्या देवस्थानात पैसे टाकले की रांग लहान होते. दफ्तरातही होतेच की."

सर गंभीर झाले. "दफ्तरातलं अनधिकृत हाय. मी नियमाचं बोलून राह्यलो."

सरांचं घराणं आजोबांपासून बौद्ध, तरी नवरात्रात केळापूरला देवीच्या रांगेत तीन तास उभे होते. गाभाऱ्याशी पोचले आणि वळले. मागच्या बाईंनी विचारलं, "काहून, दर्शन नाही घेत?"

"माहं झालं," सर म्हणाले. "तीन तास तेच तं करून राह्यलो."

खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. ते दुकानाकडे येताना दिसले की मशीनमध्ये कागद अडकल्याचं सोंग करून मी खाली वाकायचो.

हळूहळू गावातल्या रांगा आटल्या. गॅस मोबाईलवर आला, विजेचं बिल लोक घरबसल्या भरू लागले. उरली ती बँकेची. तिथेही एक दिवस टोकन देणारं यंत्र बसलं आणि लोखंडी खुर्च्या आल्या. सगळं गाव सुखावलं. सरांनी मात्र अर्ज लिहिला : विषय, रांग पूर्ववत सुरू करण्याबाबत. दोन प्रती माझ्याकडे काढल्या आणि एकीवर पोच घेऊन आले. महिन्याने उत्तर आलं, आपली सूचना वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात आली आहे. ते मला दाखवताना सर हसले, पण नेहमीसारखे नाही.

त्यानंतर एका सोमवारी मी पासबुक भरायला गेलो, तर सर यंत्रापुढे उभे. पडद्यावर तीन चौकटी : पैसे भरणे, पैसे काढणे, पासबुक. सरांचं बोट हवेतच होतं.

गार्ड जवळ आला. "काय काम हाय, सर? मी काढून देतो टोकन."

"काम नाही बा. नुसता उभा राहाले आलतो."

गार्डने खुर्च्यांकडे हात केला. "मंग बसा ना. खुर्च्या रिकाम्याच हायेत."

"खुर्चीत बसलं की मानूस मोबाईल पाह्यते," सर म्हणाले. "बोलत नाही कोनी."

मला काय झालं कोणास ठाऊक, मी जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. तेवढ्यात खेड्यावरून आलेली एक म्हातारी आत शिरली. दोन माणसं एकामागे एक पाहून तीही पिशवी सांभाळत माझ्या मागे लागली. मग एक जोडपं आलं, मग शाळेचे एक शिपाई. कशाची रांग, कोणीच विचारलं नाही. यंत्र बिचारं पुढे लुकलुकत राहिलं, आणि गार्डने कपाळाला हात लावला.

सरांच्या तोंडावर उजेड आला. मला ओलांडून त्यांनी म्हातारीला विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं, पोरं किती, गुडघे कधीपासून दुखतात. तिने सगळं सांगितलं. मग तिनेच विचारलं, "आन् तुमच्या घरी कोन असते, गुरुजी?"

सर पुन्हा यंत्राकडे वळले.

"मीच," ते म्हणाले. "बायको होती. तिले जाऊन दोन वर्षं झाले."

"मंग सयपाक कोन करते?"

"सकायी करतो मी. संध्याकायी मन नाही होत. एकट्यासाठी कायले चूल पेटवाची?"

"असं करू नये बाप्पा," म्हातारी म्हणाली, आणि तिने मायेने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

मी दोघांच्या मधे उभा होतो. मला फार लाज वाटली. संध्याकाळी सरांच्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत नाही, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. सर लवकर जेवत असतील, असं मी धरून चाललो होतो.