भाजीसाठी राखलेली जागा

"डब्यांचं काय एवढं कौतुक? मी अख्खी मंडई बसमधून आणून दाखवतो," विश्राम टिपणीसने बायकोला, सुनंदाला, सांगितलं.

त्याचं पोट दुखत होतं ते शेजारच्या बाळकृष्ण सबनीसांमुळे. दोघेही बदलीवर चंदीगडला आलेले, दोघेही सचिवालयात. बाराची बस त्यांच्या सेक्टर बावीसमधून सचिवालयाकडे अर्धी रिकामी जाते हे सबनीसांनी हेरलं आणि कंडक्टर गुरनामसिंगशी बोलून दहा घरांचे डबे मागच्या सीटखाली ठेवायची सोय केली. दहाजणांना दुपारी गरम जेवण मिळू लागलं. सुपरिंटेंडेंटसाहेबांनी सबनीसांची पाठ थोपटली, तेव्हा विश्रामला आपल्याच पाठीत धपाटा बसल्यासारखं झालं. तो मात्र डबा सकाळीच बरोबर न्यायचा. थंड पोळी खाईन, पण सबनीसांच्या बसमधलं खाणार नाही!

हीच बस बावीसला पोचण्याआधी सेक्टर सव्वीसच्या मंडीवरून यायची. विश्रामने आठ घरांची यादी केली, मंडीतल्या व्यापाऱ्याला तीन पोती बसमध्ये चढवायला सांगितली आणि गुरनामसिंगला बजावलं, "कल मंडी से हमारी भाजी आएगी. जगह पक्की रखना. भाजी के बिना बस छोड़ना मत."

"आपके भाजी? सिर-माथे पर, बाबूजी," गुरनामसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक वाजला, डबे नाहीत. दीड वाजला. सुपरिंटेंडेंटसाहेब तिसरा ग्लास पाणी प्यायले. विश्राम पोळी चावत गोड आवाजात म्हणाला, "काय हो बाळकृष्णराव, आज तुमच्या बसला काय झालं?" असं सुख त्याला कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं.

पावणेदोनला गुरनामसिंग घामाघूम होऊन डबे घेऊन आला आणि सरळ विश्रामसमोर हात जोडून उभा राहिला.

"माफ करना बाबूजी. डेढ़ घंटा बस रोकी, आपके भाजी आए ही नहीं. एक आदमी बार-बार तीन बोरियाँ चढ़ा रहा था. मैंने उतरवा दीं. कहा, यह जगह बाबूजी के भाजी की है, बड़े भाई की."

दहा भुकेली तोंडं विश्रामकडे वळली. बावीसच्या स्टॉपवर आठ बायका पिशव्या घेऊन ताटकळल्या असतील, रिकाम्या हातांनी परतल्या असतील आणि त्यांत सुनंदा सर्वांत पुढे असेल, हे विश्रामच्या तेव्हा लक्षात आलं.

सबनीस रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गुरनामसिंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इनका मतलब सब्ज़ी था. कल से वो भी मैं देख लूँगा."

सुपरिंटेंडेंटसाहेबांनी पुन्हा त्यांची पाठ थोपटली.

"फ़िकर ना करो, भाजी," गुरनामसिंग सबनीसांना म्हणाला.

विश्रामला तो अजूनही बाबूजीच म्हणतो.