कीबोर्ड क्रमांक सातचं मूळ कारण

यंत्र बंद पडलं की साधी माणसं ते दुरुस्त करतात. इंजिनिअरांच्या देखत बंद पडलं, तर मात्र त्याची चौकशी होते. मानवजातीची आजवरची सगळी प्रगती या फरकातून झालेली आहे, आणि ती प्रगती जवळून पाहायची असेल तर जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी शाळेत जावं.

शाळा दर शनिवारी दहा ते बारा भरते. विद्यार्थी बारा, शिक्षिका एक (स्वरूपाताई), आणि मुलांना सोडायला येऊन घरी न जाणारे वडील नऊ. नऊच्या नऊ इंजिनिअर. जागा चर्चच्या सभागृहात भाड्यानं घेतलेली. बाराच्या ठोक्याला तिथला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा गृहस्थ, किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा राहतो. तो एकदाही उशिरा आलेला नाही, आणि त्याच्याविषयी पालकांची तेवढी एकच तक्रार आहे.

यंदा शाळेला बारा लॅपटॉप देणगीत मिळाले. मुळात विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात बनवलेले, आणि एका जर्मन शाळेनं वापरून काढून टाकलेले. अंगच्या कीबोर्डांचा पोरांनी केव्हाच चुथडा केला होता, म्हणून सोबत बारा वायरलेस कीबोर्ड आणि तितकेच ट्रॅकपॅड आले. कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावण्यात तीन शनिवार गेले. (त्यातला एक अख्खा ‘ळ’ कुठे लावावा यावर. बैठकीचं प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, उपलब्ध आहे.)

नऊ वडिलांपैकी नागेश हा सर्वांत जाणकार. इस्पितळांतली यंत्रं का बिघडतात हे शोधून काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. त्याची मुलगी स्पृहा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. मिरजेच्या आजीला दर रविवारी फोनवर ‘हाय आजी’ म्हणते आणि पसार होते. नागेशला हे फार लागायचं, पण तो बोलून दाखवत नसे.

आणि एका शुक्रवारी जेवताना स्पृहा आपण होऊन, चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, मी उद्या शाळेत आजीला मेल लिहिणार. मराठीत. मला तिला एक गोष्ट सांगायचीये.”

“कोणती गं?”

“तुला नाही. आजीला.”

नागेशनं घास ताटात ठेवला. त्यानं लगेच उठून मिरजेला फोन केला आणि आईला सांगितलं, उद्या नातीचं पत्र येतंय. आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शनिवारी दहा वाजून दहा मिनिटांनी स्पृहा लॅपटॉप क्रमांक सातसमोर बसली. कीबोर्ड क्रमांक सात चालेना.

“शेजारचा घ्या की,” स्वरूपाताई म्हणाल्या. “तिथला मुलगा आज आलेलाच नाही.”

“नको ताई,” नागेश समजुतीच्या सुरात म्हणाला. “कीबोर्ड बदलला तर दोष लपेल. आधी मूळ कारण सापडायला हवं.”

“गेनाऊ,” सत्यजित म्हणाला. हा गाड्यांचे ब्रेक तपासतो. जर्मनीत बारा वर्षं राहून तो ‘बरोबर’ हा शब्द विसरला आहे.

साडेदहापर्यंत पुढील उपाय शिस्तीत पार पडले: बंद करून चालू करणं (चार वेळा, चार वेगवेगळ्या पदवीधरांकडून). बॅटऱ्या काढून फुंकर मारून परत घालणं. ब्लूटूथ विसरायला लावणं, मग आठवायला लावणं. ट्रॅकपॅड शर्टाला पुसणं. लॅपटॉप खिडकीपाशी नेणं. तो खिडकीपाशी का नेला हे कुणी विचारलं नाही, कारण खिडकीपाशी सगळ्यांनाच बरं वाटत होतं.

“बाबा, झालं? मी लिहू?” स्पृहानं विचारलं.

“दोनच मिनिटं, बाळा.”

मग सत्यजितनं तुलनात्मक चाचणीची कल्पना मांडली. “आल्झो, म्हणजे असं बघा, एकटा सात नंबर तपासून कसं कळणार? बाराही कीबोर्डांची जोडणी तोडू आणि एकदमच जोडू.” चालणारे अकरा कीबोर्ड बंद करण्याचा हा ठराव आठ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. (नववे गृहस्थ कॉफी आणायला गेले होते. त्यांनी परत आल्यावर पाठिंबा दिला.)

कारखान्यानं बाराही कीबोर्डांना एकच नाव दिलेलं होतं, हे यानंतर तीस सेकंदांत निष्पन्न झालं. ज्या लॅपटॉपला जो कीबोर्ड आधी सापडला, त्यानं तो धरला. विद्यार्थ्यांपैकी कबीर ‘माझा कुत्रा’ हा निबंध लिहीत होता. त्याचा कुत्रा मधूच्या ‘माझे आजोबा’मध्ये शिरला, आणि आजोबांना शेपूट फुटलं. ते रोज सकाळी भुंकू लागले. मधूनं रागानं सगळं खोडलं, तेव्हा तिसऱ्याच मुलाचा गणपती पुसला गेला. ट्रॅकपॅडांचंही तेच. ज्यानं बोट फिरवावं त्याचा बाण जागचा हलेना, आणि समोरच्याचा पडद्यावरून सैरावैरा पळे. बारा मुलांपैकी आठ खुर्चीत, तीन टेबलाखाली आणि एक गैरहजर, अशी स्थिती होती. पोरं हसून हसून लोळत होती. मराठी शाळेत मुलं इतकी रमल्याची ही पहिलीच नोंद आहे.

वडील मात्र त्यांच्याहूनही खुशीत होते. असा सर्वांगसुंदर बिघाड नोकरीत सहसा वाट्याला येत नाही.

“बाबा, इश विल येत्स्ट श्रायबेन,” स्पृहा म्हणाली. तिला आता लिहायचं होतं.

“हो हो, झालंच.”

स्वरूपाताईंनी तिच्यापुढे एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. “हातानं लिही गं राणी. मी फोटो काढून पाठवते आजीला.” नागेशची नजर कागदावर गेली. त्याला नेमका तोच हवा होता. त्यानं त्यावर कुठला कीबोर्ड कुठल्या लॅपटॉपला चिकटलाय याचा नकाशा काढला. नकाशा खरोखर देखणा झाला, आणि पेन्सिलही चांगली निघाली.

अकरा चाळीसला स्पृहानं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळीही जर्मनमध्येच. नागेशला ते ऐकू आलं नाही.

अकरा छप्पन्नला मूळ कारण सापडलं. सातव्या कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या, सत्यजितनं नागेशला मिठी मारली. नागेशचे डोळे भरून आले. त्यानं स्पृहाला उचलूनच खुर्चीत बसवलं. “लिही, बाळा! लिही आजीला!”

नऊ वडील मागे ओळीनं उभे राहिले. स्पृहानं कळांवर बोटं ठेवली, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि बोटं उचलली.

“एगाल, बाबा,” ती म्हणाली. म्हणजे जाऊ दे, काही नाही.

दारात किल्ल्या वाजल्या.

घरी जाताना सायकलवर त्यानं तिला दोनदा विचारलं, काय सांगायचं होतं गं आजीला? तिनं दोनदा खांदे उडवले. रविवारी फोन आला, तेव्हा ‘हाय आजी’ म्हणून ती आत पळाली.

“पत्र येणार होतं ना रे?” आईनं विचारलं. “मी काल दिवसभर फोन उशाशी ठेवला होता.”

नागेशनं तिला बिघाडाचं मूळ कारण नीट समजावून सांगितलं. अकरा मिनिटं लागली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणाली.

सहा पानी अहवाल सोमवारी सर्व पालकांना मिळाला. ‘दोष: दूर. प्रकरण: बंद.’ स्पृहाला आजीला काय सांगायचं होतं, याला अहवालात रकाना नाही.

आणि वाचकहो, इथवर येऊनही ‘पण त्या कीबोर्डला नेमकं झालं काय होतं?’ ही रुखरुख तुम्हाला लागून राहिली असेल, तर संकोच करू नका. वडिलांच्या या चौकशी समितीत एक जागा रिकामी आहे. शनिवारी दहाला या. पोरांना आणलंत तरी चालेल, त्यांची अडचण होत नाही.