चुरी आत येत नाहीत

हरेश्वर चुरी पहिल्यांदा माझ्या घरी आला, तेव्हा बसण्याआधी त्याने खुर्ची उलटी केली. नवीकोरी खुर्ची, हप्त्यावर घेतलेली. याने तिचे पाय छताकडे केले, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मांजरेकर, वर सागवान, खाली खोक्याचं लाकूड. फसवलं तुम्हाला." मग ती सरळ केली आणि तिच्यावरच ऐसपैस बसून चहा प्यायला.

फसवलं म्हणे! माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन! आणि आमची सुनंदा काय म्हणाली असेल? "बघा, याला म्हणतात लक्ष. नाहीतर तुम्ही!" त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. उगाच खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघे एकाच नगरपरिषदेत. तेव्हा वसई-विरारची महानगरपालिका झाली नव्हती, वेगवेगळ्या नगरपरिषदा होत्या. आमची कुठली ते विचारू नका, अजून पेन्शन खातोय. मी कणकवलीकडचा, नोकरीपायी इथे येऊन फ्लॅट घेतलेला. चुरी आगाशीचा, पिढीजात वाडीवाला, बिनलग्नाचा. खराटे, फिनेल, गमबूट, ट्यूबलाइट, रस्त्याकडेची रोपं, गावाला जे जे लागतं ते ठेकेदारांकडून घ्यायच्या फायली आमच्या टेबलावर. त्यात मी सीनियर. हे नीट लक्षात ठेवा, कारण बाकी कोणी ठेवलं नाही.

"खालून बघूया" हे त्याचं पालुपद. डब्यातली पोळी हा उलटी करून खाणार. हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात लाडवांचं ताट पुढे आलं, तर वरचे तीन-चार उचलून खालचा लाडू घेतला. मी विचारलं, "काय हो, हा कसला सोस?" तर म्हणाला, "वडील केळी मुंबईला पाठवायचे. दलाल टोपली उलटी केल्याशिवाय भाव बोलायचा नाही. वरची फणी काय हो, सगळ्यांचीच चांगली असते."

झालं! एवढ्या भांडवलावर या गृहस्थाने अख्खी नगरपरिषद उलटी करायला घेतली. विहिरींत टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा ट्रक आला की वरची पोती बाजूला आणि तळाचं पोतं फोडा. पहिल्याच ट्रकच्या तळाला खडूची भुकटी निघाली. चुरी भुवयांपर्यंत पांढरा होऊन मुख्याधिकाऱ्यांसमोर उभा राहिला आणि साहेब खुर्चीतून उठले. माझ्यासाठी साहेब कधी उठल्याचं मला आठवत नाही.

पण खरी मिरची झोंबली ती कोटेशनच्या वेळी. पद्धत अशी होती की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानांची तीन कोटेशनं लावायची आणि सगळ्यांत कमी दराचं घ्यायचं. गमबुटांची फाईल माझी होती. तीन कोटेशनं, तीन वेगळी लेटरहेडं, तीन सह्या. सगळं चोख. चुरीने ते तीन कागद उचलले, पालथे केले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. तिन्ही कागदांवर एकाच जागी एकच तेलाचा डाग.

"मांजरेकर," तो शांतपणे म्हणाला, "तीन दुकानांनी मिळून एकच बटाटेवडा खाल्लाय हो."

सगळं ऑफिस खो खो हसलं. शिपाईसुद्धा! वडा खाल्ला ठेकेदाराने आणि ठसका लागला मला.

नव्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं. म्हणाले, चुरी, ही पद्धतच बदलूया, काय करायचं ते तुम्ही सांगा. आणि चुरीने सांगितलं हो! मालाच्या नमुन्यावर ठेकेदाराचं नाव नको, नुसता नंबर. दराचे लखोटे सर्वांसमोर सभागृहात फुटायचे आणि दर मोठ्याने वाचायचे. वाचणार कोण? चुरी. आवाज असा की बाहेर रिक्षास्टँडवर दर कळायचे. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली. आत फिरती खुर्ची आणि स्वतंत्र फोन. मी बाहेर बसून काचेतून ती खुर्ची बघायचो. ती माझी होती हो! मला ती हवी होती, अगदी हवी होती. सुनंदाला मी आधीच सांगून बसलो होतो की आपल्याला केबिन मिळतेय.

त्याचा शेवटचा नियम तर कहरच. नगरपरिषदेच्या माणसाने ठेकेदाराच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही आणि त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. काही नगरसेवक कुरकुरले, पण साहेबांनी ठराव मंजूर करून घेतला. दिवाळीला येणारे काजूकतलीचे डबे बंद. चिंचोटीच्या धबधब्याची आमची सहल दरवर्षी एक ठेकेदार करायचा, कोंबडीच्या जेवणासकट. त्या वर्षी आम्ही आपापले डबे घेऊन गेलो आणि धबधब्याखाली बटाट्याची भाजी खाल्ली. चुरीच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी बसलो, कारण सुनंदाने त्याच्यासाठी वेगळा डबा दिला होता. आता यावर काय बोलायचं!

त्याच आठवड्यात रोपांची फाईल त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ही तुम्ही बघा. रोपं पुरवणारा वसंत माझा सख्खा भाऊ. आगाशीला त्याचीच नर्सरी आहे." आणि महिनाभरात या चुरीने आगाशीचं घर सोडून विरारला खोली घेतली. मी मनात म्हटलं, वा रे वा! केबिन मिळाली, आता साहेबांना भावाच्या घरात राहणं कमीपणाचं वाटायला लागलं. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही म्हणतात ना, ते माझ्याबद्दलच.

मग एके रविवारी भाजी आणायला निघालो, तर चुरी आगाशीच्या बसमध्ये चढताना दिसला. पुढच्या रविवारीही तेच. माझी कळी खुलली. ठेकेदार भावाकडे दर रविवारी चोरून जेवायला! नियम करणाराच नियम मोडतोय! एकदा डोळ्यांनी बघायचं, सोमवारी साहेबांच्या कानावर घालायचं, आणि केबिन आपली. तिसऱ्या रविवारी सुनंदाला काहीतरी थाप मारली आणि मागच्या बसने आगाशीला गेलो.

बाजाराच्या पुढे वसंत चुरीची वाडी. फाटकावर नर्सरीची पाटी. मी समोरच्या पानाच्या टपरीआड उभा राहिलो. पण चुरी आत गेलेलाच नव्हता. रस्त्याच्या अलीकडे एसटीच्या थांब्यावर बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला आल्यासारखा.

थोड्या वेळाने फाटक उघडलं. एका हातात वेताची खुर्ची आणि दुसऱ्या हाताला एक वाकलेली म्हातारी, असा चुरीसारख्याच नाकाचा माणूस बाहेर आला. हा वसंत. त्याने रस्ता बघून म्हातारीला पलीकडे आणलं, बाकाशेजारी खुर्ची मांडली, तिला बसवलं. "ऊन चढायच्या आत हाक मार रे," एवढं म्हणून फाटकात परत जाऊन उभा राहिला.

"घर तितं नि पोर रस्त्यावर!" म्हातारीने सुरुवात केली. कानाने कमी असावी, अख्ख्या बाजाराला ऐकू जात होतं. "आत ये ना रे. तुला कोन बघतंय?"

"आई, नियम मीच केलाय ना."

"मग मोड की तूच!"

"वसंत म्हणत होता, मी नर्सरी बंद करतो. मीच नको म्हटलं. त्याची रोपं चांगली आहेत गं. त्याने धंदा का सोडायचा? त्यापेक्षा मी घर सोडलं."

"मग वाडीत तरी बसू. ती माज्या नावावर हाय."

"वाडीत जायचं तर वसंताच्या अंगणातून जावं लागतं."

मी टपरीआड उभा. चोर पकडायला आलो होतो आणि इथे चोरीच नव्हती. चक्क राग आला मला. तेवढ्यात पानवाला खेकसला, "काय देऊ, शेठ?" आणि चुरीने वळून पाहिलं.

"अरे, मांजरेकर! या, या!" त्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही. चेहरा असा खुलला की मला कुठे बघू कळेना. "आई, हे मांजरेकर."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्योच का तो? हापिसात कोन बोलत नाय याच्याशी. एकटा मांजरेकर बोलतो, सांगतो मला. दर रविवारी तुजंच नाव." मग फाटकाकडे हात केला. "तू तरी आत जा बाबा. सून गरम घावने घालते. जा, खाऊन ये."

"या ना, साहेब!" पलीकडून वसंत मनापासून ओरडला.

घावन्यांचा वास रस्ता ओलांडून येत होता आणि मी सकाळपासून उपाशी होतो. चुरी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. रोपांची फाईल माझ्याकडे होती, हे त्याला माहीत होतं, मलाही.

"नको, आजी," मी म्हटलं. "आम्हाला दोघांनाही चालत नाही." आणि बाकावर चुरीच्या शेजारी बसलो.

चुरीने नुसती थोडी जागा करून दिली.

म्हातारी पुटपुटत राहिली. मग पदराखालून केळी काढली. "ही वाडीतली, माज्या मालकीची. ही तरी चालतात का, विचार तुज्या सरकाराला." चुरी म्हणाला, चालतात. तिने एक सोललं, तुकडा मोडला आणि पन्नाशी गाठलेल्या त्या माणसाच्या तोंडात घातला. त्याने लहान पोरासारखा आ केला. ज्याच्या आवाजाला ठेकेदार टरकतात तो हा! तिने पदराने त्याचा ओठ पुसला.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली.

मग तिने दुसरं केळं सोललं आणि माझ्याकडे केलं. त्याच्या तोंडात भरवलं होतं, मला हातात दिलं. काय सांगू, केबिनीसाठीसुद्धा कधी एवढा जळलो नव्हतो.