ठुमक्याचा हिरवा टिपका

एका जंगलात सगळे प्राणी सुखाने राहत होते, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. म्हणून सांगत नाही. त्या जंगलात वाघ होता. एवढं पुरे.

मुलांनो, नीट बसा. मधे बोलायचं नाही.

त्या जंगलात सोनकी नावाची हरणी होती. तिला एकच पाडस. नाव ठुमक्या. पाडस गुणी वगैरे नव्हतं, दिवसभर उंडारायचं. सोनकी दोन घास खायची आणि मान वर करून त्याला शोधायची. परत दोन घास, परत मान वर. तिचं पोट कधी धड भरलं नाही.

हरणांची एक रीत होती. ज्या झाडावर वानर, त्याच झाडाखाली चरायचं. वानराला उंचावरून लांबचं दिसतं. वाघ दिसला की तो खॅक् खॅक् करून ओरडायचा. तो ओरडला की विचारत बसायचं नाही, पळायचं. सोनकीच्या कळपावर आबा वानराची नजर असायची. आबा तोंडाचा फटकळ होता. त्याला कुणी मुद्दाम भेटायला जात नसे.

मग कोल्हा परक्या जंगलातून शिकून आला. येताना मोहरीएवढा दाणा घेऊन आला. दाणा मानेच्या कातडीखाली घातला, की तो प्राणी कोल्ह्याच्या गुहेतल्या भिंतीवर दिसायचा. हिरवा टिपका. प्राणी चालला की टिपका चालायचा. कसा, ते विचारू नका. कोल्ह्यालाही ठाऊक नव्हतं.

कोल्ह्याने सभा घेतली. "यापुढे या जंगलात कुणी हरवणार नाही," तो म्हणाला.

"वाघालाही टोचणार का?" आबाने फांदीवरून विचारलं.

"आबा, काहीतरी लाज बाळगा. महाराजांना खाजगी आयुष्य आहे."

"आणि हरणांना?"

"हरणांकडे लपवण्यासारखं आहे काय?"

हरणींनी एकमेकींकडे पाहिलं. खरंच काही नव्हतं. त्यांना उगीचच अभिमान वाटला.

साळिंदराने आपल्या काट्याने दाणे टोचायला घेतले. सोनकी ठुमक्याला घेऊन सगळ्यांच्या पुढे. आधी तिने स्वतःची मान टोचून घेतली.

"आई, मी इथंच आहे की," ठुमक्या म्हणाला. "मग मला शोधायचं कशाला?"

"उलट बोलू नकोस. मान पुढे कर."

त्या दिवशी सोनकी जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवली. मान वर करायचं कारणच उरलं नाही. काही वाटलं तर गुहेपाशी जायचं. कोल्हा भिंतीकडे पाहून सांगायचा, "ठुमक्या ओढ्यावर. हालचाल चालू. प्रकृती उत्तम."

वाघही रोज गुहेत यायचा. भिंतीसमोर बराच वेळ बसायचा. कुठे किती टिपके आहेत, कोण एकटं आहे, सगळं बारकाईने बघायचा.

"महाराजांना आपली किती काळजी!" हरणी म्हणायच्या.

आबा एकदा सवयीने ओरडला. हरणी पळाल्या, पण झाडीत नाही, भिंत बघायला. भिंतीवर वाघ नव्हता. असणार कसा?

"वानराचं ओरडणं ही अफवा आहे," कोल्ह्याने जाहीर केलं. "आधी भिंतीला विचारायचं, मग ओरडायचं."

"भिंतीला डोळे फुटले का रे?" आबा म्हणाला.

"आबा, तुमचं वय झालं."

कळपाने आबाचं झाड सोडलं. आता तो गुहेसमोरच्या कुरणात चरू लागला. आबाचं झाड कुरणाच्या कडेलाच होतं, पण तिकडे कुणी बघेना.

एके दुपारी ठुमक्या दूध प्यायला आला नाही. सोनकीची कास दुखायला लागली. ती गुहेपाशी गेली.

"बांबूच्या बेटात आहे," कोल्हा म्हणाला. "पडलाय निवांत."

दुसऱ्या दिवशी टिपका ओढ्यावर गेला. मग डोंगर चढला. "भलताच धीट झाला हो तुमचा मुलगा!" कोल्हा म्हणाला.

"मग दूध प्यायला का येत नाही?"

"मोठा झाला, बाई."

"मी हाका मारल्या. ओ देत नाही."

"ओ द्यायची सोय या दाण्यात नाही. पुढच्या दाण्यात येईल."

परत येताना तिला आबाने हाक मारली. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "सोनके, पोरी, बांबूच्या बेटात काल वाघ जेवला. मी पाहिलं. ठुमक्याची वाट बघू नकोस."

"आबा, जिभेला हाड आहे का तुमच्या? मी आत्ता त्याला चालताना पाहून आले. मेलेलं पोर चालतं?"

"पोर नाही चालत. ज्याच्या पोटात आहे, तो चालतोय."

सोनकी त्याच्यावर थुंकली आणि निघून गेली. त्या रात्रीपासून तिने चरणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, टिपका वळला. "येतोय! घराकडे येतोय!" कोल्हा गुहेतून ओरडला. सगळा कळप गोळा झाला. सोनकी सर्वांच्या पुढे, कुरणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात आबा ओरडला. खॅक्! खॅक्! असा तो आयुष्यात ओरडला नव्हता. फांदी गदागदा हलवत होता.

सोनकीचे कान फिरले. शेपटी ताठ झाली. पाय आपोआप उडीच्या बेतात आले. तिच्या आईच्या, आजीच्या पायांनी हेच केलं होतं.

"करवंदीच्या जाळीपर्यंत आला!" आतून कोल्हा ओरडला. "पळू नका, सोनकीबाई! पोर बिचकेल!"

तिने पाय जमिनीत रोवले.

समोरचं गवत हललं. पाडसाने हलावं त्यापेक्षा बरंच वरपर्यंत हललं. तिच्या ते लक्षात आलं.

वाढला असेल, तिने मनात म्हटलं.

"ठुमक्या," तिने हाक मारली, "ये रे, दूध साठलंय."

कळप उधळला. कोल्ह्याने मात्र बाहेर पाहिलं नाही. त्याची नजर भिंतीवर होती. एक टिपका उभा होता, दुसरा झेपावत आला. मग दोन्ही बरोबर एकाच जागी. कोल्ह्याचे डोळे पाणावले.

"माय-लेकरांची भेट झाली!" त्याने पुकारलं.

दुसऱ्या दिवशी कळप भिंत बघायला परत आला. दोन्ही टिपके बरोबर ओढ्यावर गेले. बरोबर डोंगर चढले. सावलीत बरोबर पहुडले. क्षणभरही एकमेकांना सोडून गेले नाहीत.

"आईचं काळीज ते!" एक हरणी म्हणाली आणि आपलं पाडस घेऊन साळिंदरापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तात्पर्य : आपलं मूल कुठे आहे, हे कळलं म्हणजे झालं. ते कुणाच्या पोटात आहे, असल्या चौकशा मागासलेले प्राणी करतात.